आठ वाजताची चप्पल

“आठ वाजताचा आकडा नोंदवहीत आहे का?” फोनमधला साहेबांचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला.

“नाही साहेब. चप्पल आहे,” पट्टीवाले म्हणाले. मग जरा थांबून, “म्हणजे, होती.”

पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवरून नदीची पातळी वाचायची आणि दर तीन तासांनी वहीत लिहायची, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं काम. मी खालच्या आळीतला शिंपी. सकाळी त्यांच्या खोलीत बसून थापा मारणं, हे माझं.

त्या दिवशी वहीत दोनच आकडे होते. सहाला चार मीटर, नऊला चार मीटर तीस. आळीत पाणी शिरायला अजून नव्वद सेंटिमीटर हवे होते. साहेबांचं गणित सरळ होतं. “तीन तासांत तीस, म्हणजे तासाला दहा. नऊ तास आहेत हातात. संध्याकाळपर्यंत हलवा लोकांना. उगाच घबराट नको.”

माझी बायको त्या आळीत कंबर मोडून खाटेवर पडलेली. मला नऊ तास ऐकून बरं वाटलं. पट्टीवाल्यांना नाही वाटलं.

“साहेब, मी चप्पल खालच्या पायरीवर काढतो. पायरी चार मीटर पाच सेंटिमीटरवर आहे. आठला चहा घेऊन गेलो तेव्हा ती कोरडी होती. नऊला बघतो तर चप्पल नाही अन् पायरीही नाही. म्हणजे दोन तासांत पाचसुद्धा चढलं नाही, आणि शेवटच्या एका तासात पंचवीसच्या वर. वेग हाच राहिला तरी साडेतीन तास. वाढला तर तेवढेही नाहीत.”

“चपलेवरून मी आदेश काढू?”

पट्टीवाल्यांनी फोन ठेवला. “शिंपीबुवा, पळा. सांगा सगळ्यांना.”

मी पळालो, जीव तोडून ओरडलो. आणि आळी हसली! चूक माझीच. गेल्याच वर्षी मी या नदीतून हत्ती वाहत जाताना पाहिला होता आणि त्याच्या सोंडेत छत्री होती, हे मी घरोघर सांगितलं होतं.

“आज हत्तीण आली का हो?” नळावरची एक आजी म्हणाली.

तेवढ्यात मागून पट्टीवाले आले. इस्त्रीची पँट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि अनवाणी. त्या माणसाला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

आजीची बादली खाली आली. “अहो, चप्पल कुठंय तुमची?”

“नदीनं नेली आजी. आठ ते नऊच्या मधे. चला, पोरं उचला आधी.”

पुढे कुणी काही विचारलं नाही. चौघांनी माझ्या बायकोला खाटेसकट उचललं. ती वरून माझ्यावरच ओरडत होती, “अहो, मशीन राहिलं!”

“राहू दे. पोहतं ते,” मी म्हणालो.

बाराला दहा कमी असताना पाणी आमच्या उंबऱ्यावरून आत गेलं. चाळीस घरं, आणि आत एक मांजरसुद्धा नाही. इथे मी काहीही वाढवून सांगत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गरज पडली नाही.

मशीन पोहलं नाही. पण बायको आता काठी घेऊन चालते आणि माझी प्रत्येक थाप पाहुण्यांसमोर दुरुस्त करते. तिचा आवाज ऐकला की मला पट्टीवाले आठवतात.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्यासाठी नवी चप्पल घेऊन गेलो.

“कशाला हो खर्च?” ते म्हणाले. घालून चार पावलं चालले. “अंगठ्यात जरा घट्ट आहे.”

“वापरून सैल होईल.”

दुसऱ्या दिवशी आठला मी पुलावर गेलो, तर नवी कोरी चप्पल त्याच खालच्या पायरीवर काढून ठेवलेली. पट्टीवाले दोन पायऱ्या वर, अनवाणी, चहा पीत बसलेले. मांडीवर वही होती. सहा आणि नऊच्या मधे त्यांनी पट्टी धरून पेन्सिलीने एक नवी ओळ आखली होती, आणि तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आठ वाजता, कोरडी.