आतून सांगणारी

चौपन्न सालच्या माघी गणपतीतून दिघे मास्तरांना काय मिळणार होतं, ते मुलुंडच्या आमच्या आळीत सगळ्यांनाच पाठ होतं. जूनमध्ये नवं हायस्कूल उघडणार, त्यात इंग्रजीला मास्तर लागणार आणि नेमणूक शाळा काढणाऱ्या अण्णासाहेबांच्या हातात. अण्णासाहेबांचा भाचा चंद्रप्रकाश दिघ्यांच्याच क्लासात. म्हणजे गणपतीपुढच्या इंग्रजी भाषणात भाचा चमकला की मास्तर चिकटले.

शाळेत इंग्रजी आठवीपासून, म्हणून हौशी आईबाप पोरांना आधीच मास्तरांच्या ओसरीवर कोंबत. सहा वर्षांचं शेंबडं पोर आणि सातवीतला मिसरूड फुटलेला घोडा एकाच सतरंजीवर. मास्तर आरामखुर्चीत पेपर वाचत. गिरणीतल्या धाकूची जानकी वाक्य म्हणे आणि बाकीचे तिच्यामागून ओरडत. तिनं 'धिस इज अ काऊ' म्हटलं की ओसरीभर काऊ. याला मास्तर शिकवणं म्हणत.

जानकी आणि चंद्रप्रकाश, दोघंही सातवीत. अण्णासाहेबांनी जाहीर केलं होतं, मंडपात जो उत्तम इंग्रजी बोलेल त्याला हायस्कुलात नादारी, फी पूर्ण माफ. ती मिळाली नाही तर जानकीला आठवी नाही, असं धाकूनं साफ सांगितलेलं.

"तू आतून सांग गं," मास्तर तिला म्हणाले. "नाटकाला नसतो का प्रॉम्प्टर? अगोदर त्याचं होऊ दे, मग तुझं नाव पुकारतो."

गणपतीच्या दिवशी मंडपात पडद्याआड जानकी, पुढं भाचा. ती कुजबुजे, हा गरजे. "रिस्पेक्टेड प्रेसिडेंट!" टाळ्या. "अवर मुलुंड इज ब्यूटिफुल!" आणखी टाळ्या. मग याचा हात गेला खिशात. ती आतून करवादली, आणि ओसरीवरच्या सवयीनं हाही खणखणीत म्हणाला, "हात काढ रे माठ्या!"

हशानं मंडप दणाणला. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, आतलीला बाहेर आणा!"

अण्णासाहेब उठले. ओशाळले असतील म्हणता? छे! "इंग्रजी भाषणात मराठी कोपरखळी," ते म्हणाले, "याला म्हणतात प्रसंगावधान!" आणि नादारी तिथंच भाच्याला देऊन टाकली. मघाशी ओरडणाऱ्यांनीच टाळ्या पिटल्या. त्यांचीही पोरं जूनमध्ये त्याच दारात उभी राहायची होती ना! माझ्या तोंडातला प्रसादाचा पेढा आंबल्यासारखा लागला.

जानकी पडदा सारून पुढं आली. "मास्तर, माझं नाव?"

"प्रॉम्प्टरचं नाव पुकारायची पद्धत नसते गं." मास्तर चष्मा पुसत होते. "आणि हो, सोमवारी वेळेवर ये. लहानांकडून म्हणून घ्यायला मला कोणी नाही."

"माठ्याक सांगा," ती म्हणाली आणि बापाचा हात धरून निघून गेली.

जूनमध्ये मास्तर हायस्कुलात रुजू झाले. भाचा फुकटात आठवीत बसला, अण्णासाहेबांच्या गळ्यात हार पडला, टाळ्या पिटणाऱ्यांच्या पोरांना प्रवेश मिळाले. कोणाच्याच पदरचं काही गेलं नाही. गेली ती जानकीची आठवी.