आजी, हात वर!

मी वजनकाटा बोलतोय. किराणा दुकानातला नाही हं. नागपुरातल्या एका वस्तीच्या दवाखान्यातला, तान्ह्या बाळांचा. जन्मभर खरं बोललो. खोटं बोललो ते एकदाच, तेही एका आजीपायी.

हा दवाखाना वस्तीनंच उभारला. सुरुवातीला श्रमदानातून बांधलेल्या दोन खोल्या, एक नर्सबाई आणि मी. आता एक्स-रे आहे, डायलिसिस आहे, डोळ्यांची शिबिरं होतात. बाळांसाठीही विजेवरचा नवा काटा आलाय. पण लाइट गेली की सगळ्यांना माझीच आठवण येते. तेव्हा मीही जरा भाव खातो.

गेल्या हिवाळ्यात नरखेडकडच्या मायाची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. जेमतेम दीड किलो. एक किलो आठशे भरल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं पुष्पलता सिस्टरनं बजावलं. मायाच्या सासूचा, प्रयागबाईचा जीव खालीवर होऊ लागला. दवाखान्यात पोर सुकते, घरी नेली की बाळसं धरते, हे तिचं ठाम मत.

नवव्या दिवशी लाइट गेली आणि पोरीला माझ्या तबकात ठेवलं. दुपटं सारखं करायच्या निमित्तानं प्रयागबाईनं तबकाची कड हळूच दाबली. माझा काटा थेट दोन किलोवर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढीशी पोर, थंडीत घरी नेली आणि गारठली तर?

सिस्टर हसली. "काल दीड अन् आज दोन? आजी, पोरीनं गोळाभात खाल्ला का?"

प्रयागबाईचे डोळे भरून आले. "घरी नेऊ द्या वं बाई. जीव तुटून राहिला माझा."

"मंग काटा काहून दाबता? त्याच हातानं तिले छातीशी धरा. तिले ऊब पाहिजे."

त्या दिवसापासून माया थकली की प्रयागबाई पोरीला पदराखाली उराशी घेऊन बसायची. तासन् तास. जेवणही राहून जायचं.

चोविसाव्या दिवशी लाइट होती. तरी ती म्हणाली, "नवा नोको. ज्याच्याशी लबाडी केली, त्याच्यावरच ठेवा."

पोरीला ठेवलं आणि म्हातारीनं कुणी न सांगता दोन्ही हात डोक्यावर नेले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मी थरथरलो आणि थांबलो. एक किलो साडेआठशे!

सिस्टर "सुट्टी" म्हणाली, तरी तिचे हात वरच होते.

आता माझी स्प्रिंग कुरकुरते. कुणी तबकाजवळ आलं की सिस्टर ओरडते, "आजी, हात वर!" माझं मागणंही तेवढंच आहे. मला खरं बोलू द्या, बायांनो. पोर तुमचीच आहे, तुमच्याच घरी येणार आहे.