ऊर्जानाथांचं पिंप

"कचरा म्हणजे लक्ष्मीचं गुप्त रूप! बोला, ऊर्जामाता की..." ऊर्जानाथ महाराज गरजले, आणि अंबरपेठेतल्या गल्लीने एका सुरात "जय!" केलं. महाराजांनी कचऱ्याने भरलेल्या लोखंडी पिंपाच्या काठावर त्रिशूळ टेकवला. काठावरचा दिवा भक्कन पेटला.

पिंप होतं रेणूच्या अंगणात. जागा तिच्या सासूने, सावित्रीबाईंनी दिलेली. महिन्याभरात कचऱ्यातून फुकट वीज मिळणार म्हणून लोकांनी घंटागाडी परत पाठवली. उलट महाराज हॉटेलवाल्यांकडून पैसे घेत, आणि त्यांचा कचरा महाराजांच्या टेम्पोतून इथेच पडू लागला. फाटक ढिगाने अडलं, खिडक्या बंद झाल्या. आत दमेकरी सासरे, भगवंतराव, धापा टाकत पडून.

रेणू शाळेत विज्ञान शिकवायची. हे थोतांड आहे, हे तिला कळत होतं.

"आत्याबाई, हे हटवू या."

"चूप! शंका घेणाऱ्याच्या घरातला माणूस जातो, असं महाराजांनी सांगितलंय."

 मामंजींना काही झालं, तर खापर रेणूच्याच डोक्यावर फुटणार. दिवसचे दिवस ती त्या दर्पात गप्प राहिली.

शेवटी भगवंतरावच धापा टाकत म्हणाले, "पोरी, माझ्या मरणाची भीती घालून तुला गप्प करतात. मी सांगतो, विचार त्यांना प्रश्न."

दुपारी तिने पिंप रिकामं केलं. बाहेरून कमरेएवढं उंच, आतून जेमतेम मांडीएवढं खोल! तिने झाकण लावून ठेवलं.

संध्याकाळी त्रिशूळ टेकला, दिवा पेटला.

"महाराज, ही वीज कचऱ्याचीच ना?"

"हौ बेटी, कचऱ्याचीच!"

रेणूने झाकण उचललं. आत काडीसुद्धा नव्हती. दिवा जळतच होता.

"निराकार... निराकार शक्ती!" महाराज चाचरले.

"आत एवढंच खोल? बूड उघडा की मग," झाडूवाली भामा आत डोकावून म्हणाली, आणि दोघींनी पिंप आडवं करून बुडाचा पत्रा उचकटला. दुहेरी बुडातून स्कूटरची बॅटरी बाहेर घसरली. तिची एक तार थेट आणि दुसरी दिव्यातून, काठावर रबरात बसवलेल्या दोन खिळ्यांना जोडलेली; त्रिशूळ दोन्ही खिळ्यांना टेकला की दिवा लागायचा.

सावित्रीबाईंनी घराच्या बंद खिडकीकडे पाहिलं. "म्हणजे त्यांचा जीव मीच कोंडला गं."

"तुम्हाला भीती घातली होती, आत्याबाई." रेणू गर्दीकडे वळली. "कचऱ्यापासून वीज होते. ओला-सुका वेगळा करून, सुका भट्टीत जाळून, वाफेवर चक्र फिरवून होते. त्याला कारखाना लागतो, मंत्र नाही. आणि जो प्रश्न विचारू देत नाही, त्याला तर आधी प्रश्न विचारा!"