रेशीम कधी मळत नाही

आमच्या बंगालातल्या चंदननगरात माणसांच्या जाती कमी झाल्या असतील, पण आमच्या घरात कपड्यांच्या वाढल्यात. खाटेचे कपडे वेगळे, रस्त्याचे वेगळे, रांधायचे वेगळे आणि देवाचे तर त्याहून वेगळे. रस्त्याच्या कपड्यानं खाटेवर टेकलं की खाट बाटते. खाट बाटली की चादर, चादर बाटली की उशी, आणि उशी बाटली की माझं डोकं. गेल्या थंडीत आमच्या लेकाचा सासरा आला आणि भोळेपणानं खाटेच्या कोपऱ्यावर बसला. बसला तो, आणि डोक्यावरून गार पाण्यानं अंघोळ केली मी.

मी पंचानन चक्रवर्ती. उभा जन्म मिनीबस हाकली. सातवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, पंचू, आता तू उभाच बरा. त्यामुळे पोथीत काय लिहिलंय ते मला विचारू नका. मला फक्त कनकलता काय म्हणते ते माहीत, आणि संसाराला तेवढं पुरतं.

कनकलता म्हणजे माझी बायको. ही साबण वापरायच्या आधी साबण धुते. दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यावरून कावळा उडाला तर सगळं धुणं परत पाण्यात. कावळ्यानं काही केलेलं नसतं हो, नुसता वरून गेलेला असतो. पण त्याच्या मनात काय होतं कोण सांगणार? दुधाची पिशवी, भाजीवाल्यानं दिलेली सुटी नाणी, झाडू, सगळं धुऊन घरात येतं. मीही.

पण एक सांगतो. वर्षात एक दिवस असा येतो की या बाईपुढे सगळा पाडा, म्हणजे आमची अख्खी आळी, मान वाकवतो. जगद्धात्री पूजेची नवमी. देवीचा भोग, म्हणजे नैवेद्य, कनक रांधते. खिचडी, लाबड्याची मिश्र भाजी, टोमॅटोची चटणी, पायेसची खीर. सगळा पाडा रांगेत बसून तोच खातो. एरवी ती कोण? पंचू ड्रायव्हरची बायको, जरा सटकलेली. नवमीला मात्र ‘भोगाची कनकदी’. त्या एका दिवसावर ती बाकीचं वर्ष काढते. मला ते दिसतं, म्हणून तर थंडीत न बोलता अंघोळ करतो.

आता या घरात सून आली, पियाली. लग्न ठरताना सांगितलं होतं, मुलगी लॅबमध्ये आहे. हिला वाटलं फोटोच्या. मुलगी निघाली रक्त तपासणारी! दिवसभर लोकांचं रक्त, थुंकी, आणि जेवताना ज्याचं नाव घेऊ नये तेही. पहिल्या दिवशी हे कळल्यावर कनक तुळशीपाशी जाऊन बराच वेळ बसली होती. लेक आमचा दुर्गापूरला नोकरीला, शनिवारी येतो, रविवारी जातो. शहाणा आहे.

दुर्गापूजा आटोपली आणि पियालीनं कपडे धुवायचं यंत्र आणलं. समोर गोल काच, आत सगळं गरगरतंय.

कनकनं काचेतून वाकून पाहिलं. आत माझी रस्त्याची पँट, पियालीचा लॅबचा कोट आणि खाटेची चादर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरत होती.

‘‘अगं बौमा, ही काय खिचडी केलीस?’’

‘‘मा, गरम पाण्यात धुतलं जातंय. जंतू मरतात त्यात.’’

‘‘जंतू मरत असतील. विटाळ मरतो का?’’

‘‘विटाळ मला अजून तरी भिंगाखाली दिसलेला नाही, मा.’’

‘‘भिंगाखाली देव तरी दिसतो का गं?’’

मी मध्ये पडलो नाही. मी तर या घरात गप्प बसायचा पगारच घेतो.

शेवटी तह झाला. पियालीचे, माझे आणि खाटेचे कपडे यंत्रात. कनकच्या साड्या कनकच्या हाताखाली, तिच्या बादलीत, तिच्या साबणानं. तिची साडी त्या यंत्राला कधी शिवलीसुद्धा नाही. पण हे पाड्याला कोण सांगणार?

एका दुपारी अनिमा गांगुली आली. ही आमच्या समोरच राहते. भोगाच्या चुलीवर हिचा डोळा कधीपासूनचा. आली होती वाटीभर साखर मागायला, आणि नजर गेली थेट यंत्राच्या काचेवर.

‘‘अय्या कनकदी, सगळं एकत्रच? सुनेचा तो रक्ताचा कोट पण?’’

‘‘माझं वेगळं असतं,’’ कनक म्हणाली.

‘‘हो, हो, असेलच. तुमचं वेगळंच असणार.’’ असं म्हणून ती हसली. ते हसणं साखरेबरोबर घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत पाडाभर वाटून आली.

जगद्धात्रीची पूजा तोंडावर आली तेव्हा ती भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी बिशू घरी आला. दारातच उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होता. ‘‘कनकदी, यंदा तुम्ही जरा आराम करा. अनिमादी म्हणतायत, त्या करतील भोग.’’

‘‘का रे? मला काय झालंय?’’

‘‘तुम्हाला काही नाही हो. पण लोक म्हणतात की, घरात यंत्र आहे, सगळ्यांचे कपडे… म्हणजे मी नाही म्हणत, लोक…’’

कनकनं पाठ फिरवली. आत गेली. मला वाटलं, आता भांडी आपटतील. एकही आपटलं नाही. तेव्हा मी घाबरलो. रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी सरळ रस्त्याच्या कपड्यानं खाटेवर बसलो तरी तिनं वर पाहिलं नाही. अहो, त्यापेक्षा अंघोळ बरी!

पियालीच्या ते लक्षात आलं. ‘‘बाबा, माझ्या यंत्रापायी झालंय ना हे?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

‘‘भोग रांधताना मा काय नेसतात?’’

‘‘गरद.’’ म्हणजे लाल काठाची पांढरी रेशमी साडी. भोग रांधायचा तर गरदच लागते. पाड्यातल्या प्रत्येक ब्राह्मण घरात एक असते, आणि ती धुवायची नसते. रेशीम कधी मळत नाही, अशी सगळ्या बायकांची खात्री. सासूनं नेसलेली सून नेसते. मधल्या काळात तुपाचे हात, हळद, चुलीचा धूर, घाम, सगळं मुरत मुरत साडी पवित्र होत जाते. धुतलीच, तर लोक विचारतात, काय हो, काय शिवलं होतं तिला?

कनकला मात्र हे सहन होत नाही. दर वर्षी पूजेआधी मागचं दार लावून ती गरद रिठ्याच्या पाण्यात धुते आणि खोलीतच वाळवते. मी बाहेर पहारा देतो, यंदाही दिला. आजवर कोणाला म्हणून सांगितलेलं नव्हतं. तेव्हा सुनेला सांगितलं.

पियालीनं ऐकलं आणि अशी हसली, की मला अनिमाची दया आली.

संध्याकाळी क्लबात पूजेची बैठक होती. पियाली मला आणि सासूला घेऊन गेली. कनकच्या काखेत तिची गरद, धुतलेल्या कापडात बांधलेली. ती यायला तयारच नव्हती. पियाली म्हणाली, ‘‘मा, नुसत्या उभ्या राहा. बाकी मी बघते.’’

बिशू होता, पुरोहित ठाकूरमोशाय होते, आणि नव्या मानाची अनिमा सगळ्यांना दाखवायला आपली गरद घेऊन पुढेच बसली होती.

‘‘अनिमामाशी,’’ पियालीनं लोण्यासारखं विचारलं, ‘‘ही साडी कधी धुतली होती?’’

‘‘गरद कोणी धुतं का गं? शिकलेली ना तू? रेशीम कधी मळत नाही.’’

‘‘मग पाण्यात बुडवली तर पाणी स्वच्छच राहील?’’

‘‘गंगेसारखं!’’

‘‘बघू या की मग. बिशूदा, एक बादली पाणी आणा. दोघींच्याही साड्या बुडवू.’’

अनिमाची मान नाही म्हणून हलली, पण बोलून बसली होती बिचारी. बादली आली. गरद पाण्यात गेली. पियालीनं बोटानं एकदा दाबली, दोनदा दाबली. पाणी आधी पिवळं झालं, मग चहाच्या रंगाचं, मग ज्याला रंगच म्हणता येत नाही असं. वर तुपाचे डोळे तरंगायला लागले. वास तर असा सुटला, की जुन्या नवम्या सगळ्या एकदम आल्या.

एवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, ‘‘नुसते तांदूळ सोडा यात, भोग तयार आहे.’’

सगळा क्लब हसून फुटला. अनिमा लाल.

बिशूनं पाणी बदलून आणलं. ‘‘कनकदी, आता तुमची.’’

मी मनात म्हटलं, पंचू, जिंकलास लेका. कनकनं गाठोडं छातीशी धरलं आणि बादलीकडे बघितलं.

‘‘या बादलीत?’’

‘‘हो, पाणी नवीन आहे.’’

‘‘पाणी नवीन असेल. बादली तीच ना? यातच पोरं मंडपाचे बांबू पुसतात. आत्ता हिची साडी बुडाली. यात मी माझी गरद घालू?’’

‘‘मा, घाला ना!’’ पियाली कुजबुजली. ‘‘जिंकतोय आपण.’’

‘‘जिंकायला मी काय फुटबॉल खेळायला आलेय? नाही म्हणजे नाही.’’

‘‘अगं ए, एकदा बुडव आणि मोकळी हो,’’ मी न राहवून बोललो.

‘‘तुम्ही बुडा!’’

अनिमाला जीव आला. ‘‘बघा, बघा! हिची माझ्याहून काळी असणार, म्हणून नाही म्हणतेय.’’

बायकांत कुजबुज सुरू झाली. बिशू डोकं खाजवायला लागला. कनकचा चेहरा मी पाहिला. तिला कळत होतं की भोग हातातून चाललाय. बादली समोर होती, हात लांब केला की संपलं. तिनं गाठोडं आणखी घट्ट धरलं, डोळे भरले, पण हात काही पुढे झाला नाही.

तेव्हा ठाकूरमोशाय, जे इतका वेळ पान चघळत होते, ते उठले. ‘‘बिशू, उगाच डोकं खाजवू नकोस, केस पडतील भोगात. जी बाई जिंकत असताना घाणेरड्या बादलीला नाही म्हणते, तिच्याहून सोवळी मला कुठून आणून देणार आहेस? रांधेल कनकमाच.’’

एवढं बोलून ते पान थुंकायला बाहेर गेले. बैठक संपली.

आता नवमीची सकाळ. अनिमा रुसलेली, तिच्यामागे इतर बायकाही रुसलेल्या, त्यामुळे कनकच्या हाताखाली कोणी येईना. एवढा तांदूळ, एवढी डाळ, भाजी, एकटी काय करणार? पियाली म्हणाली, ‘‘मा, चुलीला मी हात लावणार नाही. पण धुणं-चिरणं तर करू?’’

कनकनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘हात धू आधी.’’

पियालीनं बाह्या वर केल्या आणि लॅबमध्ये धुतात तसे धुवायला घेतले. तळवे, मग हाताची मागची बाजू, एकेक बोट वेगळं, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या खाली, थेट कोपरापर्यंत. मग कुठंही न टेकवता हात वर धरून उभी राहिली, पाणी निथळेपर्यंत. कनक बघतच राहिली. आमच्या घरात, पाड्यात, कदाचित अख्ख्या हुगळी जिल्ह्यात, तिच्या मनासारखे हात कोणी धुतले नव्हते.

‘‘रोज असे धुतेस?’’

‘‘तपासणीच्या दर बाटलीनंतर, मा.’’

‘‘आणि मला वाटायचं…’’ कनक थांबली. मग भाजीची टोपली पुढे सरकवली. ‘‘भोपळा घे. तोही तसाच धू.’’

झालं! दोघींनी भोपळा तसाच धुतला. वांगीही तशीच, एकेक. फुलकोबीचा तुरा न् तुरा वेगळा करून. तांदूळ, डाळ, कढई, झारा, कढईचं झाकण, झाकणाची मूठ. एक म्हणायची झालं, तर दुसरी म्हणायची, थांबा, मा, हा कोपरा राहिला. चूल पेटायलाच दुपार झाली. सगळा पाडा पत्रावळीसमोर बसून आवंढे गिळतोय, म्हातारे सकाळपासून उपाशी, आणि आतून नुसता पाण्याचा आवाज.

बिशू माझ्यापाशी आला. तोंड सुकलेलं. ‘‘पंचूदा, जरा आत जाऊन सांगा ना, घाई करा म्हणून.’’

‘‘तू जा,’’ मी म्हटलं. ‘‘चपला बाहेर काढ, पाय धू, आणि वर्गणीच्या पेटीला लावलेले ते हातही धू. एकदा धुतलेस की दोघी बघून सांगतील, परत धू.’’

तो माझ्याशेजारीच पत्रावळ घेऊन बसला. खिचडी आली तेव्हा उन्हं कलली होती.