कॉलिनचं मन मानत नव्हतं

माझी नात रिया पाच वर्षांची झाली आणि वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली. इथं न्यूझीलंडमध्ये, टौरंगात, तशीच रीत आहे, मूल पाचचं झालं की वर्षाच्या मधूनच वर्गात बसतं. ते २०२३ साल, मे महिना. तिला शाळेत सोडून घरी आले तर आमच्या पायरीवर सुनीता बॅग घेऊन बसलेली.

सुनीता वाशिमची. इथं किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरायची. बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला आमच्याकडे आली होती, तेवढीच ओळख. तिचा व्हिसा एका ठेकेदाराच्या नावाला बांधलेला. तो दोघींचं काम एकीकडून करून घ्यायचा. ती उलटून बोलली म्हणून त्यानं तिला कामावरून काढलं आणि राहत्या घरातूनही काढलं. माझ्या मुलीनं, गौतमीनं, गॅरेजमध्ये तिची गादी टाकली.

गौतमीनं फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई गाठली. ती म्हणाली, असं पिळून घेतलेल्या कामगाराला वेगळा सहा महिन्यांचा व्हिसा मिळू शकतो. पण आधी ठेकेदाराविरुद्ध लेखी तक्रार हवी, आणि सगळं नऊ जूनच्या शुक्रवारपर्यंत. नाहीतर परत जावं लागेल. सुनीता तक्रारीला तयार होईना. मान खाली घालून बसायची. मला वाटलं, बिनघरची पोर आहे, घाबरते. त्यातच आमच्या घरमालकानं कळवलं की गॅरेज माणसांसाठी नाही.

मग मी गौतमीला घेऊन नोलीनकडे गेले. नोलीन क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या, गप्प बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथातली. दर शुक्रवारी दुपारी ती आणि तिच्यासारखी चार-पाच म्हातारी माणसं बंदराजवळच्या रस्त्यावर फलक धरून तासभर न बोलता उभी राहतात. युद्ध नको, आलेल्यांना हाकलू नका, असं फलकावर असतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, मराठी वाचायलाही साठीत शिकले. पहिल्यांदा ती बसची रांग समजून मी शेवटी जाऊन उभी राहिले होते. बस काही आली नाही. तासानं नोलीननं माझा हात हातात घेऊन आभार मानले, तेव्हापासून आमची मैत्री.

सुनीताचं ऐकून नोलीननं आम्हा तिघींना रविवारी त्यांच्या सभेला बोलावलं. साधी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, ना मूर्ती ना पुजारी. तेरा माणसं गप्प बसली. आमच्याकडे पंचायतीत लोक असे गप्प बसले की समजायचं, नकार आहे. मी सुनीताला कोपरानं खुणावलं, चल, उठू. गौतमीनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

मग एकेक जण उठून बोलला, गौतमी माझ्या कानात मराठीत सांगत होती. सभाघरामागची खोली सुनीताला द्यावी, तिची हकीकत वर्तमानपत्रात द्यावी, सगळ्यांनी तिच्यामागे उभं राहावं. बारा जण हो म्हणाले. तेरावा कॉलिन, ऐंशीच्या पुढचा, किवीच्या बागेचा मालक. तो म्हणाला, "माझं मन मानत नाही. का, ते अजून सांगता येत नाही."

मला वाटलं, बारा विरुद्ध एक, संपलं. पण त्यांच्यात हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं मन एक झाल्याशिवाय ठरत नाही. नोलीन टेबलाशी बसून कागद लिहीत होती. तिनं लिहिलं की अजून ठरलं नाही, बुधवारी पुन्हा बसू. लिहिलेलं तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्यांनी मान्य केलं, मगच कागद मिटला. न वाचता अंगठे उठवलेल्या बाईला याची किंमत कळते. पण त्या दिवशी मला रागच आला. बाहेर आल्यावर मी गौतमीला म्हटलं, विचार नोलीनला, एका म्हाताऱ्यासाठी ही पोर मायदेशी पाठवायची का?

नोलीननं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तो एकटा आहे म्हणूनच थांबायचं. बारा जणांच्या जोरावर एकाला गप्प करायचं, तर मग त्या ठेकेदारानं सुनीताशी दुसरं काय केलं?"

माझा राग तसाच राहिला.

मंगळवारी दुपारी कॉलिन स्वतः आमच्या दारात. हातात लिंबांची पिशवी. मी चहा ठेवताना पुटपुटले, "आला आडमुठा." रियाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. तिनं लगेच त्याला सांगून टाकलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. कॉलिन हसला. म्हणाला, "माझी बायकोही चाळीस वर्षं हेच म्हणत होती."

मग तो गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर बसला आणि गौतमीच्या मदतीनं सुनीताला विचारलं, "त्या घरात अजून कोण राहतं?"

 सुनीता रडायलाच लागली. आणखी तिघी होत्या. तिघींचे व्हिसा त्याच ठेकेदाराच्या नावावर. तिची तक्रार गेली की त्याच दिवशी त्याही रस्त्यावर येणार. "आजी, माझ्यापायी त्यांचं का वाटोळं करू?" ती मला म्हणाली.

तीन आठवडे मी तिला जेवू घातलं, तिच्या डोक्याला तेल लावलं, तू घाबरट आहेस म्हणून बोललेही. हे एवढं विचारलं नव्हतं. कॉलिन म्हणाला की आपल्याला काय खुपतंय ते आता त्याला समजलं. एकीला खोली द्यायची आणि बाकीच्यांचं नावच कुणी काढत नव्हतं.

बुधवारी पुन्हा सभा बसली. या वेळी गप्प बसण्याचं मला काही वाटलं नाही. कॉलिननं आपल्या बागेतलं मजुरांचं रिकामं घर तिघींना देऊ केलं. वर्तमानपत्राचं सुनीताला विचारलं. ती नको म्हणाली, आईला अजून काही माहीत नाही. ते तिथंच सोडलं. नोलीननं लिहिलं, वाचलं, आणि सगळ्यांनी "अशी आशा आहे" म्हटलं. त्यांच्यात हो म्हणण्याची हीच पद्धत. कॉलिननंही म्हटलं.

गुरुवारी सकाळी तो आणि नोलीन दोन गाड्या घेऊन गेले आणि तिघींना सामानासकट घेऊन आले. ठेकेदार दारात उभा राहून ओरडत होता म्हणे. नोलीननं त्याला गुड मॉर्निंग केलं आणि गाद्या उचलल्या. दुपारी एकीऐवजी चार तक्रारी गेल्या. चौघींना व्हिसे मिळाले. सुनीता आता इथल्याच एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. तिची कायमची कागदपत्रं व्हायची आहेत.

पुढं दोन वर्षं मीही शुक्रवारी त्यांच्या रांगेत उभी राहिले, बहुधा कॉलिनच्या शेजारी. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती आणि तिथं ती लागतही नव्हती.

कॉलिन ११ जून २०२५ रोजी, बुधवारी, टौरंगाच्या हॉस्पिटलात वारला. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता.