कबरीवरची सावली

हुशार मुलांचा हा वर्ग मास्तरांच्या बायकोने सुरू केला होता. दीन, म्हणजे धर्म, आणि विज्ञान वेगवेगळ्या खोल्यांत कोंडू नका, असं ती म्हणायची. ती गेली आणि वर्ग मास्तरांच्या गळ्यात पडला. आजचा धडाही तिचाच. वर्षातून दोनदा सूर्य मक्केतल्या काबाच्या बरोबर डोक्यावर येतो, आणि आज त्यातलाच एक दिवस होता. त्या क्षणी उभ्या काठीची सावली पाहिली की किब्ल्याची, म्हणजे नमाजाच्या दिशेची, रेघ मिळते.

"होकायंत्र आहे की सर," पहिल्या बाकावरचा वात्रट म्हणाला. "दुपारच्या उन्हात कशाला भाजून घ्यायचं?"

मास्तरांनी होकायंत्र लोखंडी कपाटाला टेकवलं. सुई भलतीकडे वळली. "लोखंड शेजारी असलं की ही बया खोटं बोलते."

पोरं हसली. मास्तरांची लेक हसली नाही. वर्गात ती त्यांना सर म्हणायची.

"अब्बा," ती म्हणाली, "अम्मीच्या कबरीला लागून लोखंडी जाळी आहे."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. कबरीत माणसाला कुशीवर, किब्ल्याकडे तोंड करून निजवतात. कब्रस्तानाच्या नव्या तुकड्यातली ती पहिलीच कबर. कबर खोदणारे चाचा नेहमीच्या अंदाजाने रेघ मारत होते. मास्तरांनीच त्यांचा हात धरला होता आणि होकायंत्र त्या जाळीशेजारीच जमिनीवर ठेवलं होतं.

दुपारी काठी आणि गुण्या घेऊन बापलेक कब्रस्तानात धावले.

"तेव्हा यंत्राला विचारलंत, आता काठीला?" चाचा म्हणाले. पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी काठी रोवायला हात लावला.

सावली कबरीला काटकोनात कापायला हवी होती. क्षण आला. लेकीने गुण्या लावला, काढला, परत लावला.

"सांग," मास्तर म्हणाले.

"तिरकी आहे, अब्बा. बरीच."

मास्तर मातीत बसले. तिला आता कूस बदलता येणार नव्हती, आणि ते तिची माफी कुठल्या तोंडाने मागणार होते?

"नियत सरळ होती ना? मग अल्लाहकडे भागतं, मास्तर," चाचा म्हणाले. "ही शेजारची जागा तुमची. ती सुतात खोदीन, बस्स?"

"नको," मास्तर म्हणाले. "हिच्यासारखीच तिरकी खोदा."

"अब्बा!" लेक ओरडली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली.