फाळक्यावरची थाप

“आन, आन, आन... उजवी काट... आन बिनधास्त, मी हावो ना... बस.”

जंगलूचा हा आवाज दुधरामच्या कानात तरुणपणापासून मुक्कामाला होता. मेटाडोर मागे घ्यायची असली की गाडीवरचा जोडीदार जंगलू हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी उभा राही आणि लाकडावर तळहाताने थाप देत हाकारे घाली. सुटी सुटी थाप म्हणजे ये. दोन जोडून पडल्या की थांब. धानाच्या पोत्यांनी दबलेली गाडी दुधराम केशोरी गावाच्या बोळांतून त्या थापेवर मागे आणायचा, आरशाकडे बघायचासुद्धा नाही. लोक म्हणत, दुधरामच्या पाठीला डोळे आहेत. पाठीला डोळे नव्हते, पाठीला जंगलू होता.

आणि आता तर पुढचेही डोळे राहिले नव्हते. हे मात्र जगात एकट्या दुधरामला ठाऊक होतं.

आज मंडई. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्रभर दंडारीचा नाच-गाण्यांचा फड रंगतो. तळ्यापलीकडच्या गावच्या मंडईला केशोरीची दंडार मंडळी जायची ती दुधरामच्या मेटाडोरनेच. ढोलक्या, टाळ, पेट्या आणि वर बसलेली माणसं, असा तो सगळा तमाशा तळ्याच्या पाळीवर दिसला की पलीकडून गाणं सुरू व्हायचं:

आली आली मेटाडोर तळ्याच्या पाळीवरून,
पोरी निंगाल्या पाह्याले चुलीवर भात ठेवून.

मग तिचं इंजिन बसलं. गोठ्यामागच्या टिनाखाली ती उभी राहिली, कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या, आणि गाणं कुणी म्हणेनासं झालं.

प्रफुलने तिला होळीनंतर ट्रॅक्टर लावून अंगणात ओढून आणली. दुधरामचा हा मुलगा, कोहमाऱ्याच्या नाक्यावर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान. रोज संध्याकाळी तो गावी येताना पिशवीतून काहीबाही आणायचा, कधी भंगारातून शोधलेला कंदील, कधी दाराची कडी. बापलेक अंगणात मांडी घालून बसत. गंज घासला, हौद्याच्या फळ्या सागाच्या बसवल्या, इंजिन उघडून खाटेवर मांडलं. सुशीलाबाई म्हणायची, “अवो, त्या खाटीवर मी झोपत होती. आता माया जागी मायी सवत झोपली.”

पूर्वी प्रफुल बापाला दिवसातून एकच विचारायचा, जेवले काय. आता विचारायचा, “बाबूजी, हा खडखड आवाज कायचा?” दुधराम मान तिरकी करून ऐके आणि सांगे, “डिझेलच्या पाइपात हवा धरली. पंपाचा नट ढिला कर, फेस जाईपर्यंत हात मार.” आणि तेच निघे. पोरगा हसायचा. ते हसणं दुधरामला ऐकू यायचं, दिसायचं नाही.

कारण जिकडे बघावं तेवढंच पुसलं जात होतं. कडेचा तणसाचा ढीग दिसे, तुळस दिसे, कुडाला टेकलेली सायकल दिसे, पण समोरच्या माणसाकडे नजर नेली की चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. चालताना अडखळत नव्हता, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. माणूस थोडा तरी दिसावा म्हणून तो त्याच्या कानाच्या बाजूला बघत बोलायचा. सुशीलाबाईला वाटे, म्हातारपणी नवरा रुसकट झाला, तोंडाकडे पाहून बोलत नाही.

पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगितलं की दुसऱ्या दिवशी खाट, खाटेशेजारी तांब्या, आणि “बाबूजी, तुम्ही बसा.” दुधरामचा स्वतःचा बाप असाच डोळे जाऊन, दुसऱ्याच्या काठीचं टोक धरून फिरत गेला होता. पोरं त्याला मुद्दाम कुडावर नेऊन सोडायची. आणि दुसरं म्हणजे, सांगितलं असतं तर प्रफुलने गाडी तिथंच सोडली असती. मग संध्याकाळी अंगणात कोण बसलं असतं?

त्यामुळे एकेक नट आवळला जाई तसा दुधरामचा जीव आवळत गेला. पंप दुरुस्त होऊन येऊ नये असं त्याने गावदेवाला म्हटलं. पंप आला. बॅटरी मिळू नये म्हटलं. मिळाली. ज्या दिवशी इंजिन धडधडलं त्या दिवशी सारं अंगण हाललं, कोंबड्या कुडावर चढल्या आणि दुधरामला घास गेला नाही. प्रफुल म्हणाला होता, “मंडईले गाडी तुमच्याच हातानं जाईन. तुमच्या हातात बंद झाली, तुमच्या हातानंच सुरू व्हावी.” मंडळींनीही हेच ठरवून टाकलं होतं.

आज सकाळी प्रफुल डिझेल आणायला निघाला. मोटारसायकलला लाथ मारता मारता म्हणाला, “बाबूजी, ब्रेक ऑइल थोडं कमी हाये. बाटली खिडकीत ठेवली. तेवढं टाकून ठेवजा.”

दुधराम खिडकीशी गेला. हाताला बाटली लागली, थंड पेयाची जुनी, लहानशी प्लास्टिकची बाटली. प्रफुल सुटं ऑइल अशाच बाटलीतून आणायचा. त्याने ब्रेकच्या डबीचं झाकण काढलं, कडेला करंगळी लावून मापाने ओतलं, बोट ओलं होताच थांबला. वास घ्यावा हे सुचलं नाही. सकाळपासून तो डिझेलने नटबोल्ट पुसत होता, नाकात दुसरं काही शिरतच नव्हतं. झाकण लावून वर त्याने मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली, की बघ, जमतं अजून.

दुपारी तो जेवायला बसला. सुशीलाबाई भात वाढता वाढता उठली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, “माया जवसाच्या तेलाची बाटली कोणं अर्धी केली वो? मुन्नाले ठेवली होती, दंडार झाल्यावर तोंडाचा रंग पुसाले. बाजूले तुमची ते ब्रेकची बाटली तं भरलेलीच दिसते.”

दुधरामच्या हातातला घास ताटात पडला.

“काऊन, तिखट झालं काय?”

“नाई.”

“मंग जेवा ना. इकडं पाहा जरा. कोणासंग बोलून राहिली मी, भितीसंग?”

तो जेवला. काय जेवला ते ताटाला ठाऊक. ब्रेकमध्ये दुसरं तेल गेलं की आतलं रबर फुगतं, हे त्यानेच कितीएक पोरांना शिकवलं होतं. पहिले दोनतीनदा पायडल झकास लागतं आणि ऐन वेळी पायाखालून जमिनीसारखं सरकून जातं. आणि वाटेत तळ्याची पाळ होती. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल शेतं, शेवटाला उतार. हौद्यात केशोरीची सारी दंडार.

गुपचूप काढावं तर? बसल्या बसल्या त्याने हातांना विचारलं. हात कुठला नट कुठला हे सांगायला तयार होते, पण चार चाकांचं तेल काढून पुन्हा भरायचं म्हणजे एकाने पायडल मारायचं, एकाने चाकाशी बसायचं. दुसरा माणूस लागणार, आणि तो विचारणार, काऊन.

ऊन कलतीला लागलं तशी मंडळी जमली. दंडारीत बाईचं काम करणारा मुन्ना अर्ध्या रंगलेल्या तोंडाने आला, एक भुवई काढलेली, एक राहिलेली. “दुधरामकाका, आज पाळीवर माया पदर उडला पायजे, एवढी जोरात मारजा गाडी.”

“तुया पदर सांभाळ, मिशा दिसून राहिल्या,” सुशीलाबाई म्हणाली. सारे हसले.

पोत्यासारखे एकेकजण हौद्यात चढले. फळ्या करकरल्या. दुधराम ओट्यावरून उठेना. तो म्हणाला, “आज आंग कसनुसं करते. प्रफुल, तूच ने.”

“मी नेली तं लोक म्हणतीन पोरानं बापाची गाडी पळवली,” प्रफुल म्हणाला. त्याने किल्ली बापाच्या तळहातावर ठेवली आणि वरून आपला हात दाबला. पोराने एवढ्या संध्याकाळी ज्यासाठी घातल्या ते आता समोर होतं.

तेवढ्यात मागून काठीची टकटक आली आणि जंगलूचा आवाज. गाडी बसल्यावर धरलेल्या वनखात्याच्या मजुरीतूनही सुटून तो आता नातवंडांत बसलेला, पण आज पिवळा फेटा बांधून पाड्यावरून चालत आला होता. “काय पाटील, मले न घेताच चालले काय? मागं कोन पाहीन?”

दुधराम उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. दाराची कडी हाताला लागली, सीटचा खळगा ओळखीचा निघाला. इंजिनचा हीटर तापेपर्यंत थांबून त्याने किल्ली फिरवली. मेटाडोर खोकली, मग बोलू लागली. त्याने ब्रेकवर पाय ठेवला. पायडल घट्ट. फार घट्ट.

गाडीचं तोंड घराकडे होतं, आधी मागे घेऊनच रस्त्यावर काढायची होती. त्याने डावा हात हँडब्रेकवर घट्ट ठेवला. फाळक्यावर थाप पडली.

“आन, आन, आन...”

आणि गाडी आली. कुडाच्या खांबाला चाटून, विहिरीच्या कठड्याला टाळून, एका अंगाने आल्यासारखी. “उजवी काट... आन बिनधास्त, मी हावो ना...” दोन थापा जोडून पडल्या आणि गाडी जागच्या जागी थांबली. हौद्यात आरडाओरडा झाला, ढोलकीवर हात पडला. खिडकीशी उभ्या प्रफुलने नाक ओढलं.

एक क्षण दुधरामला वाटलं, जमेल. अंगणातून बाहेर तर आणली.

मग त्याने समोर पाहिलं. रस्ता जिथं असायला हवा होता तिथं धूर होता. डाव्या कडेला बाभूळ दिसत होती, उजव्या कडेला कुणाचं तरी लाल लुगडं, आणि मधलं, जिथून जायचं होतं ते सगळं पुसलेलं. पुढून हाकारे घालायला कुणी नव्हतं. मागे मुन्ना पाळीवरचं गाणं जुळवू लागला होता.

दुधरामने पायडल पुन्हा दाबलं. पाय मघापेक्षा बोटभर जास्त खाली गेला.

त्याने हँडब्रेक ओढला आणि किल्ली उलटी फिरवली. इंजिन गपगार झालं, गाणं अर्ध्यात तुटलं.

“काय झालं, बाबूजी?”

“उतरव सगळ्याइले.”

“काऊन?”

“ब्रेकमंधी जवसाचं तेल गेलं हाये. सकाळी म्या टाकलं.”

प्रफुल आधी हसला. मग बापाचे हात स्टिअरिंगवर कसे रुतलेत ते त्याला दिसलं. “घाईत टाकलं असान. चालते ना बाबूजी. उद्या काढून टाकू, आज दुसरी गाडी पाहू.”

एवढंच म्हणायचं होतं, हो, घाईत. घाई हा शब्द पोराने स्वतःहून हातात दिला होता. तेवढ्यावर भागलं असतं, पुढच्या मंडईपर्यंत. सुशीलाबाई पदराला हात पुसत खिडकीपाशी येऊन उभी राहिली होती. जंगलू फाळका सोडून काठी टेकत पुढे आला होता.

दुधरामने प्रफुलकडे तोंड वळवलं. या खेपेला त्याने कानाच्या बाजूला बघितलं नाही. सरळ बघितलं, जिथं पोराचा चेहरा होता आणि त्याला दिसत नव्हता.

“घाई नव्हती, लेका. दोन्ही बाटल्या समोर होत्या,” तो म्हणाला. “मले दिसत नाई. मांगच्या सालच्या धानापासून तुयं तोंड दिसलं नाई मले.”